कमी धोकादायक असल्याची सही

शिंप्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. माय-लेक तिसऱ्या मजल्यावर राहत आणि जिन्याच्या पायऱ्या हलत होत्या, कठड्याला हात लावला की तो हाताबरोबर यायचा. सबब शिंप्याने पालिकेत रीतसर अर्ज केला.

कारकुनाने अर्ज मन लावून वाचला. "जिना धोकादायक आहे, मान्य. पण दुरुस्ती फक्त 'अधिक धोकादायक' जिन्याची होते. नुसत्या धोकादायकला आम्ही पाटी लावतो."

"अहो, आईला दिसत नाही. तिला उतरवू कशी?"

"पाटी तुम्ही वाचून दाखवा."

"मग अधिक कसा ठरतो?"

"शेजारच्या इमारतीचं लेखी आणा. 'आमचा जिना यांच्यापेक्षा कमी धोकादायक आहे.' खाली सही, शिक्का. आम्ही हवेत काही ठरवत नाही."

शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त मास्तर होते. ते उखडलेच. "आमचा जिना कमी? दोन वर्षं झाली आमच्या अर्जाला! सही केली की आमची फाइल कायमची बंद."

त्याच संध्याकाळी मास्तरांनी खबरदारी म्हणून आपल्या जिन्याचा कठडा काढून टाकला. हे कळताच शिंप्याच्या इमारतीची तातडीची सभा भरली. आपण मागे राहता कामा नये, असा ठराव पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी मांडला आणि दोन पायऱ्या एकमताने फोडण्यात आल्या. मास्तरांनी तीन फोडल्या.

"अहो, माझी आई वर आहे!" शिंपी कळवळला.

"त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं," वकीलबाई त्याच्या हातात हातोडा देत म्हणाल्या. मग त्यानेही चार घाव घातले.

बुधवारी साहेब पाहणीला आले, तेव्हा दोन्ही इमारतींत जिन्याच्या जागी भगदाड होतं आणि धडधाकट माणसं शिडीवरून ये-जा करत होती. साहेबांनी टेप लावून दोन्ही भगदाडं मोजली.

"अगदी सारखी आहेत. सारख्याला आमच्याकडे रकाना नाही. तिसरी इमारत आणा."

गुरुवार आला आणि गेला. आई रोज खिडकीतून खाली हाक मारते, "अरे, आज वार कोणता?"

"बुधवारच आहे अजून, आई," शिंपी खालून सांगतो. त्याला स्वतःची लाज वाटते, पण दुसरं काही सुचत नाही.

आता तुमचं. हे वाचताना तुम्ही मनात म्हणाला असालच, की आमच्याकडे बुवा एवढं वाईट नाही. साहेबांना नेमकं हेच लेखी हवं आहे. कागद घेऊन शिंपी तुमचा जिना चढतो आहे. त्याने बेल वाजवली, की आतून "घरात कोणी नाही" असं तेवढं ओरडू नका. ते मास्तरांचं दोनदा ओरडून झालं आहे.