शंभरात पाचवा

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला किसनअण्णांनी एकदा तरी उचलून घेतलेलं आहे, आणि परत देताना "फुकट" असा शेरा मारलेला आहे. समोरच्या नव्या भाडेकरूंकडे यावरून मोठाच प्रसंग ओढवला होता. बाळंतिणीची आई म्हणाली, "नवसाचं पोरगं आमचं, अन् हे फुकट म्हणतेत." शेवटी मी मध्ये पडून सांगितलं, की अण्णा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. त्यांच्या लेखी माणसांच्या तीनच जाती आहेत: फुकट, हाफ आणि फुल. त्यांतली फुकट ही सगळ्यांत वरची.

अण्णांचं सगळं आयुष्य कन्नड तालुक्याकडच्या गाड्यांवर आयांशी भांडण्यात गेलं. ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा मांडीवर घेऊन आई म्हणायची, "पाचचं बी नाय झालं अजून." अण्णा म्हणायचे, "मग त्याला म्हणावं, दाढी करून ये." या भांडणांतून त्यांना एक खोड लागली. मूल दिसलं की त्याचं वय आणि अंग यांचा मेळ घालायचा. अंदाज बहुतेक वेळा चुकतो, पण त्याची त्यांना फिकीर नसते. माझ्या बायकोला एकदा पाठमोरी बघून त्यांनी "हाफ" म्हटलं. तेव्हापासून त्यांच्या चहात साखर जास्त पडते.

अण्णा मूळचे देवगाव रंगारीचे. पत्नी गेल्यापासून इथे एकटेच राहतात. मुलगी एकच, मनीषा. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत असते. तिला मुलगा झाला तेव्हा अण्णांनी जाण्याची सगळी तयारी केली होती. अगदी लोकरीची कानटोपीसुद्धा घेतली होती. व्हिसा मिळाला नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही. "आपण उतारूला निदान गाडी भरली म्हणून तरी सांगायचो," एवढंच अण्णा म्हणाले.

मग एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"सर, तोंड उघडा. नातू शंभरात पाचवा आला."

"कशात?"

"वजनात. तिकडं डॉक्टर लोक पोरांचे नंबर काढतेत. काय तरी परसेंटाइल म्हणली मनी. रातच्याला फोन आलता. लई रडत होती."

"रडत का होती?"

"खुशीनं."

मी कॉलेजात गणित शिकवतो. परसेंटाइल म्हणजे काय, हे दर वर्षी प्रवेशाच्या वेळी मी पालकांना समजावतो. पेढा खाऊन गप्प बसणं मला जमायला हवं होतं. पण खरं ठाऊक असून ते पोटात ठेवलं, की मला ते रात्रभर टोचत राहतं; आणि सांगून टाकलं, तर पुढे कित्येक दिवस. दोन्हीकडून सुटका नाही. मी सांगून टाकलं.

"अण्णा, समजा एकाच वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली. सगळ्यांत हलकं इकडे, सगळ्यांत जड तिकडे. आपला नातू इकडून पाचवा."

"म्हंजे मागून?"

"हो."

अण्णांनी पुड्याकडे बघितलं. "अर्ध्या गल्लीत वाटून झाले की हो," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "म्हंजे ती त्याच्यापायी रडत होती. अन् मी म्हणलो, शाब्बास."

माझी मुलगी रुचा बाळंतपणाला आमच्याकडे आलेली होती. ती आपल्या तान्ह्या मुलीला खांद्यावर थोपटत बाहेर आली.

"रुचा माय, खरं सांग. पोराला काय कमी हाय का?"

"नसेलही, अण्णा. कुणीतरी पाचवं असणारच ना. डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हणले, खेळतंय, हसतंय, दूध पितंय. पण मनीची सासू म्हणती, दूध पुरत नाय."

"मग डॉक्टरांचं ऐका."

अण्णांचं समाधान झालं नाही. "ती रांग कुणाच्या पोरांची लावली? तिकडच्या गोऱ्यांची आसंल. त्यांची पोरं जन्मतःच हाफ तिकिटाची."

"पुष्कळ देशांतली असतात म्हणे. आपल्याकडचीही होती," रुचा म्हणाली.

"आपल्याकडची म्हंजे देवगावची नसणार. ही मनी चौथीत जाईस्तोवर फुकट फिरली माझ्या गाडीत. कुणी तिकीट इचारलं नाय."

"तुम्हीच कंडक्टर होतात, अण्णा," मी म्हणालो.

"तेबी हायच म्हणा."

रुचा हसली. मग तिने नीट समजावलं. आईबाप अंगाने लहान असले तर मूलही तसं असू शकतं. एका नंबरावरून काही ठरवायचं नसतं. दर महिन्याला वजन करायचं, आणि मूल आपल्याच रेषेने वर चाललंय का ते बघायचं. रेष सोडून खाली घसरायला लागलं, तर काळजी.

"म्हंजे गाडी साधी असली तरी चालंल," अण्णा म्हणाले. "रूट सोडायचा नाय."

त्या रात्री त्यांनी मनीषाला हेच सांगितलं असावं, कारण पुढच्या फोनला ती रडली नाही. वजन थोडं वाढलं होतं. नंबर पाचवाच होता.

पण अण्णांचं मुलं उचलणं मात्र वाढलं. भाजीवालीचं, इस्त्रीवाल्याचं, मंदिरात आलेल्या पाहुण्यांचं, दिसेल ते बाळ मागून घ्यायचे. हातात धरून, मान हलवून परत द्यायचे. शेरा नाही, काही नाही. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मलाही वाटलं. एकदा मी विचारलंच.

"व्हिडिओवर रोज दिसतो ना नातू?"

"दिसतोय की. पण फोनात सगळीच पोरं मोबाइलएवढी असतेत, सर."

परवा रुचा मुलीला डॉक्टरांकडून घेऊन आली. अण्णा फाटकातच उभे होते.

"हिचं किती भरलं?"

"पावणेसहा किलो."

अण्णा आत आले. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, धोतराला पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसले. "दे जरा," म्हणाले. रुचाने मुलीला त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी आधी तिला डाव्या हातावर घेतलं, मग उजव्या, मग छातीशी. डोळे मिटलेले. माझी बायको चहा ठेवायला उठली होती, ती दारातच थांबली.

"मनीनं कालच सांगितलं, त्याचं बी पावणेसहा," अण्णा म्हणाले. "त्याच्याएवढं पोर कुठं घावत नव्हतं. एक जड तरी, नाय तर हलकं तरी." मग म्हणाले, "हलका नाय हो सर. चांगला लागतोय हाताला."

मुलीची दुधाची वेळ झाली होती. मी तिला परत घ्यायला उठू लागलो, तर रुचाने डोळ्यांनीच खाली बसवलं.

जाताना अण्णांनी विचारलं, "ही हप्त्याभरात वाढंल ना?"

"वाढेल, अण्णा. छान चाललंय तिचं."

"वाढू दे माय, वाढू दे. तवर उद्या येतो. परवा बी येतो."

ते गेले. मुलगी भुकेने रडायला लागली होती. रुचा तिला पाजायला आत घेऊन गेली. आणि मी मात्र, तिचा सख्खा आजोबा, मनात म्हणत होतो की निदान हा आठवडाभर तरी हिचं वजन वाढू नये.