आधी पाय सापडला पायजे

रावसाहेबकाका सध्या कोण आहेत, हे त्यांच्या पायांकडे पाहून ओळखायचं. जड बूट असले की फौजदार. एका बुटात चिंचोका ठेवलेला असला की लंगडा सावकार. केडगावात आमच्या शेजारी राहणारे काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. हौशी नाटकांत कामं करतात आणि भूमिका मिळाली की महिनाभर तिच्याच पायांनी भाजी आणायला जातात. सावकार होते तेव्हा त्यांनी दूधवाल्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

"आधी पाय सापडला पायजे," ते म्हणतात. "पाय आला की पाठ येती, पाठ आली की आवाज आपसूक येतो. तोंडाचं काम लई शेवटी."

पाय शोधायला ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जातात. बैल घ्यायला नाही. बैल विकून माघारी निघालेला माणूस कसा चालतो, ते बघायला. एकदा आमच्या अंगणात त्यांनी मला ते चालून दाखवलं. हातात दावं नव्हतं, पण मूठ दाव्याएवढी उघडी होती. इंग्रजी शाळेत मी नाटकं फक्त परीक्षेपुरती वाचली होती. अंगावर काटा आला तो त्या अंगणात.

मी फारशी बोलत नाही. तरी यंदा काकांनी मला प्रॉम्प्टर केलं. "हिचा आवाज पयल्या रांगेलासुदिक ऐकू जायचा न्हाई. आपल्याला असाच पायजे!" सगळे हसले. मीही.

नाटक बायको वारलेल्या म्हाताऱ्याचं होतं. काका तालमीला आले ते इवल्याशा बायकी चपलांत, टाचा बाहेर.

"काका, कुणाच्या ढापल्या?" कुणीतरी ओरडलं.

"पाऊल आखूड पडतं," एवढंच ते म्हणाले. खरंच पडत होतं. हा धिप्पाड माणूस आमच्यासमोर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा, जपून चालू लागला.

आवाज मात्र सापडेना. म्हातारा सवयीने आतल्या खोलीकडे बघून विचारतो, "चहा झाला का गं?" ते वाक्य काका असं गर्जायचे की बाहेरची कुत्री भुंकायची. शेवटी दिग्दर्शक जाधवसर म्हणाले, "रंगीत तालमीला असंच झालं, तर काम दुसऱ्याला देईन." काका नुसते चपलांकडे बघत राहिले.

रंगीत तालमीला सगळी गल्ली खुर्च्यांवर बसली होती. आतल्या खोलीचं दार म्हणजे माझी विंग. काका दाराशी आले. चपला काढल्या. अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "चहा झाला का गं?" मग कान दाराकडे केला आणि थांबले. थांबलेच.

मला वाटलं, विसरले. घाबरून मी त्यांचं पुढचं वाक्य कुजबुजले, "राहू दे, नको."

सभागृह इतकं शांत होतं की ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. काकांनी मान हलवली, जणू आतून उत्तर आलं. "बरं," म्हणाले, आणि रिकामा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. जाधवसर किती तरी वेळ चष्मा पुसत होते. काम काकांकडेच राहिलं.

मी माफी मागायला गेले तेव्हा काका चपला पिशवीत ठेवत होते. एका पट्ट्याला पिन लावलेली दिसली, आणि मी ओळखल्या. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या काकूंच्या होत्या.

"काका, चुकून मोठ्यानं..."

"परयोगातबी तसंच बोल, पोरी," ते म्हणाले. "तिचाबी आवाज असाच हुता. दाराभाईर कुनाला ऐकू जायचा न्हाई. मला तेवढा यायचा."