ठिपक्यांची वाटी

मुलांनो, एका जंगलात एक सिंह होता, इथपर्यंत तुम्हाला ठाऊकच आहे. पण या सिंहाकडे डिशवॉशर होता. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. सिंह बोलतो ते तुम्हाला चालतं, मग वीजही चालवून घ्या.

सिंहाचं नाव गर्जेंद्र महाराज. त्यांचा डिशवॉशरवर फार जीव. यंत्राला खरकटं लागू नये म्हणून सगळी भांडी आधी ओढ्यावर राखेनं घासायची, स्वच्छ धुवायची आणि मगच यंत्रात ठेवायची, असा राजवाड्याचा नियम होता. मग यंत्र घुरघुरायचं आणि महाराज समोर बसून कौतुकानं ऐकायचे.

एकदा बाळराजांचं उष्टावण ठरलं. पिल्लाला पहिला घास भरवायचा तर चांदीची वाटी हवी. सोनवंती राणीनं माहेरची वाटी काढली. तिचं स्वतःचं उष्टावण याच वाटीत झालं होतं. वाटी देणारी आई आता नव्हती. बाळानं पहिला घास या लख्ख वाटीतूनच खावा, एवढीच राणीची इच्छा होती. तिनं रांगोळीनं घासून वाटी चकचकीत केली.

"आता यंत्रात ठेवा," महाराज म्हणाले.

"अहो, स्वच्छच आहे ती."

"म्हणून तर म्हणतो. घाणेरडी वाटी मी माझ्या यंत्रात ठेवीन का?"

वाटी यंत्रात गेली, लोखंडी सुऱ्यांना खेटून. धुणं संपलं तरी महाराजांनी सकाळपर्यंत दार उघडू दिलं नाही. वाफ आतच कोंडून राहिली. सकाळी वाटी बाहेर आली ती अंगभर पांढरे ठिपके घेऊन. बुडाशी सुरीच्या गंजाचा तांबडा डागही होता. राणीला रडूच आलं.

"पाणी क्षाराचं आहे आपलं," ती म्हणाली. "फडकं द्या, मी पुसते. आणि यापुढे धुऊन झाल्या झाल्या दार उघडू या. चांदी सुऱ्यांपासून लांब ठेवू या."

"घरात यंत्र असताना राणीच्या हातात फडकं?" महाराज गरजले. "माझी काही अब्रू आहे की नाही?"

त्यांनी राजवाड्यातली सगळी फडकी जप्त केली आणि डागांची चौकशी लावली. चौकशीला अनुभवी अधिकारी हवा, म्हणून ठिपकोजीराव बिबटे यांना नेमलं.

ठिपकोजीरावांनी वाटी फिरवून फिरवून पाहिली. मग मान वळवून स्वतःची पाठ पाहिली.

"डाग कुठे आहेत?" ते म्हणाले. "मला तर फार देखणी वाटी दिसते आहे."

"आणि हा तांबडा?" राणीनं विचारलं.

"तो माझ्याकडे नाही," ठिपकोजीराव हळहळले. "नशीब लागतं त्याला."

साक्षीला चितळ आणलं. चितळानं आधी बिबट्याचे दात पाहिले, मग वाटी पाहिली. "छान आहे, साहेब," ते म्हणालं.

लगेच दवंडी पिटली गेली. ठिपके ही यंत्रानं धुतल्याची खूण आहे; ज्या भांड्यावर ठिपके नाहीत ते घाण समजावं. दुपारपर्यंत ससेसुद्धा आपल्या भांड्यांना चुन्याचे ठिपके देऊन ती दारात मांडू लागले.

उष्टावणाला सगळं जंगल लोटलं. राणीनं बाळराजांना खिरीचा पहिला घास भरवला. बाळराजांना चौकशीतलं काही माहीत नव्हतं. त्यांनी खीर संपवली आणि वाटी पंजात धरून चाटायला घेतली. आतून चाटली, बाहेरून चाटली, बुडाशीही चाटली. शेवटी सिंहाची जीभ ती, कानशीसारखी खरखरीत. ठिपके गेले, गंजही गेला. वाटी लख्ख झाली.

"अगं बाई! अश्शीच होती!" राणी म्हणाली. वाटीत तिला आपला चेहरा दिसत होता आणि तो हुबेहूब आईसारखा होता. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

ठिपकोजीराव मात्र उठले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, वाटी घाण झाली."

महाराजांनी बाळाच्या पंजातून वाटी काढून घेतली. बाळानं भोकाड पसरलं. वाटी पुन्हा यंत्रात गेली, सुऱ्यांना खेटून. यंत्राच्या घुरघुरीत राणी बाळाला थोपटत बसली.

तात्पर्य : मुलांनो, वाटी कधीही चाटूनपुसून खाऊ नये. मोठ्यांनी एवढा खर्च करून पाडलेले डाग निघून जातात.