न कुजणारा भोपळा

"यंदा मी असा भोपळा कोरणार आहे, व्हर्ना, की तू नि मी जाऊ, पण तो जाणार नाही!" ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ऑरिन टिबेट्सने न्याहारी करताना जाहीर केलं.

"बरं," त्याची बायको म्हणाली, "जाण्याआधी तेवढा जॅम इकडे सरकव."

ऑरिनचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या बॅसेट कोव्ह गावात हॅलोविनला चेहरा कोरून पायरीवर ठेवलेला भोपळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. पहिल्या दिवशी हसतो, दुसऱ्या दिवशी खार त्याचं नाक कुरतडते, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर दहिवर पडतं आणि चौथ्या दिवशी तो कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखा आतल्या आत बसतो. गेल्या वर्षी ऑरिन त्याला उचलायला गेला, तर वरचा अर्धाच हातात आला! त्याच दिवशी त्याने ठरवलं, पुढच्या खेपेला नकली, फोमचा.

शिवाय यंदा त्याचं मन पाखरासारखं हलकं होतं. ऑरिन शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. पण त्याचा जीव बसमध्ये नव्हता, चर्चच्या गायकवृंदात होता. सव्वीस वर्षं तो तिसऱ्या ओळीत उभा राहून खर्ज लावत होता. नाताळच्या कार्यक्रमात एक पद असतं, अगदी खोल खर्जातलं, एकट्याने म्हणायचं. एकोणीस वर्षं ते म्हणणारे म्हातारबुवा उन्हाळ्यात लेकीकडे फ्लोरिडाला राहायला गेले. जागा मोकळी झाली! वृंद चालवणाऱ्या ऑगस्टाबाई पिंकहॅम हॅलोविननंतरच्या रविवारी नाव सांगणार होत्या. ऑरिन ऑगस्टपासून तळघरात बटाट्याच्या पोत्यांसमोर रोज तालीम करत होता. बटाट्यांची तक्रार नव्हती.

तर तो दुकानात गेला. फळीवर फोमचे भोपळे ओळीने बसलेले. ऑरिनने एकेक उचलला, टिचकी मारली, उजेडात धरला, फिरवला, एकाचा तर वासही घेतला.

"काका, सगळे एकाच साच्यातले आहेत हो," दुकानातली पोरगी म्हणाली.

"साचा एक असेल, पोरी, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो!"

तासाभराने त्याला हवा तसा स्वभाव सापडला. गोल गरगरीत अंग आणि डोक्यावर जाडजूड, पीळ घातलेला देठ. कुणी बाईने घट्ट अंबाडा बांधावा तसा.

घरी येऊन त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पेन्सिलीने छान हसरा चेहरा काढला आणि बारीक करवत चालवायला घेतली. फोमचा भुसा! तो खाली पडतच नाही, अंगाला चिकटतो. फुंकला की उडतो आणि दुप्पट प्रेमाने परत येतो. अर्ध्या तासात ऑरिनच्या मिशा केशरी झाल्या, चष्मा केशरी झाला, पांढरं मांजर केशरी होऊन पलंगाखाली गेलं. भुशाने एक शिंक आली, करवत निसटली आणि डावा डोळा वर कपाळाकडे चढला. "असू दे, भुवई करू!" ऑरिनने वर एक भुवई कोरली. मग दात. फोमचे दात कसले, एकाला हात लावला की शेजारचा पडतो! बत्तीस दातांचं हसू पाहता पाहता विरघळलं आणि उरलं एक गोल, मोठ्ठं, उघडं तोंड.

व्हर्ना चहा घेऊन आली. भोपळ्याकडे बघितलं. कप तिरका झाला.

"अगं बाई! ऑगस्टाबाई!"

"कुठे?" ऑरिनने घाईघाईने केस सारखे केले.

"ह्या काय समोर! तो अंबाडा बघ, ती भुवई बघ. कुणी बेसूर झालं की अशीच वर जाते ना? आणि तोंड! 'ओ म्हणा, ओ! पोटातून!'" व्हर्ना हसून हसून टेबलाला धरून उभी राहिली.

"काहीतरीच! भोपळा आहे तो. कुणासारखा दिसत नाही."

नेमका त्याच वेळी शेजारचा हॉवर्ड शिडी परत करायला आला. हॉवर्ड शेवंडं पकडतो. तुफान आलं तरी त्याच्या डोक्यावरची टोपी हलत नाही. दारात पाऊल टाकलं, भोपळ्याकडे बघितलं आणि त्याने मुकाट्याने टोपी काढून छातीशी धरली.

ऑरिनने घाईघाईने भोपळ्यावर वर्तमानपत्र टाकलं. रविवारी बाई नाव सांगणार आणि त्याआधी त्यांना कळलं, की टिबेट्सने आपली टवाळी करून पायरीवर मांडलीय! सव्वीस वर्षांची तपश्चर्या एका भुवईपायी जाणार!

त्याने दुरुस्त्या सुरू केल्या. नाक रुंद केलं, तर सर्दी झालेल्या ऑगस्टाबाई झाल्या. काळ्या रंगाने मिशा काढल्या, तर मिशा असलेल्या ऑगस्टाबाई! शेवटी करवत उचलून दोन तुकडे करायला गेला, तर ती भुवई त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याने करवत खाली ठेवली. मग त्याने भोपळा तळघरात नेऊन ठेवला. संध्याकाळी तालमीला उभा राहिला, पहिला स्वर लावला आणि अंधारातून ते गोल तोंड दिसलं. स्वर घशातच बसला. पुन्हा लावला, पुन्हा बसला.

"अरे, खरा भोपळा असता तर आठवड्यात सडून सुटलो असतो!" तो जिन्यावर डोकं धरून बसला. "हा मेला अमर आहे!"

"तूच आणलास निवडून," व्हर्ना वरून म्हणाली. "स्वभाव बघून."

सोमवारी ओहोटी लागल्यावर त्याने भोपळा धक्क्यावरून समुद्रात टाकला. भोपळा हलत डुलत, तोंड आभाळाकडे करून, क्षितिजाकडे निघाला. ऑरिन शीळ घालत घरी आला. दुपारी दारात हॉवर्ड! काखेत भोपळा, टोपी हातात.

"माझ्या जाळ्यांच्या बोयांमध्ये तरंगत होत्या," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, बाईंना असं थंड पाण्यात ठेवणं बरं दिसत नाही."

मंगळवार कचऱ्याचा. ऑरिनने भोपळा काळ्या पिशवीत घातला, पिशवीला तीन गाठी मारल्या आणि रस्त्याच्या कडेला ठेवून खिडकीशी उभा राहिला. गाडी आली. चालक नवा होता, लायल थिबोडो म्हणून, याच महिन्यात लागलेला. त्याने पिशवी उचलली. हलकी लागली. उघडून बघितली.

"वा! हिला काय टाकायचं?" असं म्हणत लायलने दोरी काढली आणि गाडीच्या तोंडावर, दोन दिव्यांच्या मधोमध, भोपळा करकचून बांधला. कचऱ्याच्या गाडीला सापडलेलं एखादं खेळणं पुढे बांधायची चालच आहे तिकडे. पण ऑगस्टाबाई!

"अहो! थांबा! ओ लायल!" ऑरिन घरातल्या सपाता घालून धावला. गाडी पुढे, ऑरिन मागे. घराघरातून लोक बाहेर यायचे, गाडीकडे बघायचे, गालातल्या गालात हसायचे; म्हाताऱ्या हात हलवायच्या, आणि दोघा-तिघांनी तर खरोखर "नमस्कार, बाई!" म्हटलं. टपालकचेरीपाशी एक सपात गेली. बेकरीपाशी दुसरी. परसांतून आडवं जाऊन गाडीच्या आधी वळणावर पोहोचावं म्हणून ऑरिनने दोन कुंपणं ओलांडली, एक कोंबडी उडवली, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीत गुंडाळला गेला आणि वळणावरच्या झुडपाआड धापा टाकत पोहोचला.

उशीर झाला होता. रस्त्याच्या मधोमध ऑगस्टाबाई उभ्या होत्या, हात वर करून. गाडी थांबली होती. रस्त्यावर त्या, गाडीच्या तोंडावरही त्याच. दोघींचीही भुवई वर.

इंजिनाच्या घरघरीत बोलणं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की बाई खिडकीपाशी गेल्या, बराच वेळ काहीतरी विचारत राहिल्या, लायलने खाली उतरून दोरी सोडली आणि भोपळा घेऊन त्या घरात गेल्या. ऑरिन अनवाणी घरी आला.

"संपलं," तो व्हर्नाला म्हणाला. "पुढच्या वर्षी मला टाळ्या वाजवायलासुद्धा उभं करणार नाहीत."

बुधवारी दुपारी दार वाजलं. ऑगस्टाबाई! काखेत भोपळा. मिशा पुसलेल्या.

"ऑरिन, हा तू कोरलास?"

"बाई, ते... म्हणजे शिंक आली हो मला. आणि ते दात..."

"हो की नाही?"

"हो."

बाईंनी भोपळा दोन्ही हातांत धरला. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला, सांजवेळी पाखरं झाडात शिरली की त्यांचा येतो तसा. "चव्वेचाळीस वर्षं मी लोकांकडे पाठ करून उभी राहतेय. गावाने माझा अंबाडा पाहिला, गातानाचा चेहरा पाहिलाच नाही. तो फक्त माझ्या गाणाऱ्यांनाच दिसतो. गाताना मी अशी दिसते, हे मलाही माहीत नव्हतं." त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला. "हा मी पियानोवर ठेवणार. लोकांकडे तोंड करून."

ऑरिनच्या छातीत सगळी घंटाघरं एकदम वाजू लागली. व्हर्नाने मागून त्याला कोपराने ढोसलं.

"मग बाई," तो खाकरला, "ते नाताळचं पद... खर्जातलं..."

"अरे हो! त्याला माणूस मिळाला!" बाईंचा चेहरा उजळला. "काल गाडी अडवली, तर तो लायल आत गात बसलेला. काय खर्ज, ऑरिन! रस्ता हलत होता! तू भोपळा टाकला नसतास, तर मला कधी कळलंच नसतं."

ऑरिनने चौकट धरली. "पण बाई, सव्वीस वर्षं मी तुमच्याकडे एकटक बघत आलोय!"

"तेच तर!" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तोंडाकडे बघत होतास, म्हणून हे इतकं हुबेहूब जमलं. एकदा तरी माझ्या हाताकडे बघितलं असतंस, तर तालात आला असतास!"

त्या पायऱ्या उतरल्या. ऑरिनला अजून पुष्कळ सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. खाली पोहोचलेल्या बाईंनी मागे न बघता उजवा हात वर केला आणि बोटं मिटली. गाणं थांबवायची खूण.

ऑरिनने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी ठोक्यावर.