बोलिव्हियाला जायचं कुणाला होतं?

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून किल्लीकाकांनी शर्टाच्या खिशातला फोटो काढला, पाहिला आणि पुन्हा आत सरकवला. आज वर्गाच्या सहलीचं ठिकाण ठरायचं होतं, आणि काकांना जायचं होतं उरुग्वेला. उरुग्वे सोडून बाकीच्या जगाला कुणी कुलूप लावून किल्ली हरवली असती, तरी त्यांची हरकत नव्हती.

स्पॅनिशचा हा वर्ग चपलांच्या दुकानावरच्या खोलीत भरे. काकांचं स्वतःचं दुकान समोरच्याच गल्लीत, कुलपं उघडण्याचं आणि किल्ल्या पाडून देण्याचं. चाळीस वर्षं तोंड मिटून काम केलेल्या या माणसाला उतारवयात परकी भाषा शिकण्याची हुक्की का आली, हे गल्लीला कोडं होतं. उत्तर साधं होतं. काकांची एकुलती लेक उरुग्वेच्या माणसाशी लग्न करून तिकडे गेली होती. कुणाची लेक नदीपल्याड जाते, कुणाची डोंगरापल्याड. काकांची समुद्रापल्याड गेली आणि मागोमाग नात जन्मली ती भाषेपल्याड. तीन वर्षांची पोर घडाघडा बोले, आणि आजोबांना त्यातला 'अबुएलो' म्हणजे आजोबा एवढाच शब्द कळे.

म्हणून काका शिकायला लागले. पण पुस्तकातले धडे काही नातींसाठी लिहिलेले नव्हते. दर रविवारी व्हिडिओ फोनवर काका घसा खाकरून विचारत, "बाई, पोस्ट ऑफिस कुठे आहे?" नात जरा विचार करी आणि सोफ्याकडे बोट दाखवी. "आपला आभारी आहे," काका म्हणत, आणि संभाषण संपे.

प्रत्यक्ष जायचं तर विमान आडवं येई. काकांना उंचीची भारी धास्ती. उंच दाराची वरची कडी बिघडली, तर ते गिऱ्हाइकाला सांगत, "दार उतरवून दुकानात आणा." एकट्यानं उडणं शक्यच नव्हतं. पण वर्गातल्या चौघींच्या मधोमध बसलं तर खिडकी दिसणार नाही, आणि खिडकी दिसली नाही तर आपण बसमध्ये आहोत अशी मनाची समजूत घालता येईल, असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. सांगितलं की लोक 'अरेरे' म्हणतात, आणि दुसऱ्याचं 'अरेरे' काकांच्या घशाखाली उतरत नसे.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंचे दोन नियम होते. उंबऱ्याच्या आत स्पॅनिशच बोलायचं, आणि बोलायचं ते पूर्ण वाक्यात. नियम मोडणाऱ्यानं उभं राहून बारा महिन्यांचं गाणं म्हणायचं. काकांचा आवाज म्हणजे तेल न पाजलेली बिजागरी. ते गाणं एकदा म्हटल्यापासून त्यांनी वर्गात एक मराठी अक्षर काढलेलं नव्हतं.

प्रत्येकानं एकेका देशाचं चित्र आणलं होतं. लोकरीचं दुकान चालवणाऱ्या नणंद-भावजयीपासून सुरुवात झाली. नणंदेनं मेक्सिकोचं चित्र दाखवलं. "घर निळं आहे. घर लाल आहे. घर पिवळं आहे."

"फारच सुंदर!" सगळे म्हणाले.

भावजयीनं स्पेनचं चित्र काढलं, कारण नणंदेनं मेक्सिको काढला होता. "चौक मोठा आहे. मी चौकात आहे. तू कुठे आहेस?"

"फारच सुंदर!"

मग दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांचं चित्र चांगलं भिंतीएवढं, गुंडाळी करून आणलेलं. बर्फाचे डोंगर, डोंगरांच्या मांडीवर शहर, आणि शहरावरून तारेला लोंबकळत जाणारे पाळणे. "हे बोलिव्हिया. डोंगर उंच आहे. शहर उंच आहे. सगळं उंच आहे."

काकांनी टेबलाची कड धरली.

"फारच सुंदर!" असं नणंद म्हणाली. नणंद एकदा म्हणाली म्हणून भावजय दोनदा म्हणाली. भावजय दोनदा म्हणाली म्हणून नणंदेनं टाळ्या वाजवल्या. बाई तर हरखून गेल्या. तिथली माणसं संथ आणि स्वच्छ बोलतात, शिकणाऱ्यांसाठी याहून चांगली जागा नाही, असं त्यांनी सांगितलं. निदान वर्गाला तसं वाटलं.

त्यात दोष कुणाचाच नव्हता. पुस्तकातली माणसंच फार सभ्य. सातव्या धड्यापर्यंत कुणी कुणाला नकार म्हणून देत नाही. जो तो दुसऱ्याची टोपी, बहीण आणि हवामान यांची स्तुती करतो. पहिलं भांडण नवव्या धड्यात होतं, आणि वर्ग अजून सातव्यातच होता.

काकांची पाळी आली. फोटोत समुद्राकाठचा रस्ता होता, बाकडं होतं आणि बाकड्यावर लेक नि नात बसल्या होत्या. तेवढा भाग काकांनी घडी घालून मागे वळवला होता. "हे उरुग्वे. हा समुद्र. हे बाकडं," ते म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना, तेव्हा म्हणाले, "शुभ प्रभात."

संध्याकाळ होती. तरीही सगळे म्हणाले, "फारच सुंदर!"

"तर मग बोलिव्हिया?" बाईंनी विचारलं.

"नाही!" काका ओरडले.

"पूर्ण वाक्य," बाईंनी आठवण करून दिली.

काकांनी आठवणीचा सगळा जुडगा खुळखुळवला. नकाराचं एकच पूर्ण वाक्य हाती लागलं, दुसऱ्या धड्यातलं. छातीवर हात ठेवून, कापऱ्या आवाजात ते म्हणाले, "मला भाऊ नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी रुमाल काढला. नणंद उठून म्हणाली, "मी तुमची बहीण आहे." भावजय लगेच म्हणाली, "मीसुद्धा तुमची बहीण आहे. मी मोठी बहीण आहे." बाईंचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत वर्गात एवढं जिवंत संभाषण झालं नव्हतं. बोलिव्हियावर शिक्कामोर्तब झालं, आणि चार बहिणींनी एका भावाला मधे घेऊन फोटो काढला.

जिना उतरून रस्त्यावर आलं की मराठीला मुभा होती. काकांनी मनाशी ठरवलं, खाली पोहोचलो की सांगून टाकायचं. पण शेवटच्या पायरीवरच नणंदेनं त्यांच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली.

"हे काय हो?"

"कानटोपी. वर थंडी मरणाची असते म्हणे. आता बहिणी आहोत, तर बघायला नको?"

"तू कानटोपी कर, मी स्वेटर करते," भावजय म्हणाली. "कानटोपी काय, कुणालाही जमते."

"अहो, पण मी काय म्हणत होतो..."

"रंग कुठला ते म्हणत होता ना? विटकरी. तुम्हाला शोभेल."

तीन दिवसांत विटकरी स्वेटर दुकानात आला. ज्या माणसाच्या अंगात दुसऱ्यानं विणलेला स्वेटर आहे, त्याला नकार देता येत नाही. काकांनी नकाशा काढून बोलिव्हियापासून उरुग्वेपर्यंत बोटं ठेवून पाहिली. नकाशावर वीतभरही अंतर नव्हतं. एवढी आकाशं ओलांडायची, डोंगराच्या टकुऱ्यावर जायचं, आणि लेक वीतभर लांब ठेवून परत यायचं! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी सगळे प्रवास कंपनीच्या कचेरीत जमले. काउंटरवरचा माणूस बडबड्या होता. "वा, बोलिव्हिया! विमान उतरतं तेच मुळी ढगांच्या वर. धाप लागणं, चक्कर येणं, असला त्रास कुणाला आहे का हो?"

काकांचा हात आपोआप वर गेला. शेजारी पाहतात तर डॉक्टरीणबाईंचाही हात वर होता.

"तुम्ही?" काका म्हणाले. "अहो, बोलिव्हिया तुमचाच ना?"

"माझा कुठला! ते चित्र दवाखान्यातलं आहे. खुर्चीत आडव्या झालेल्या पेशंटला समोर काहीतरी गार दिसावं म्हणून लावलंय. बाई म्हणाल्या चित्र आणा, मी भिंतीवरचं काढून आणलं. मला तर लिफ्टमध्येही गरगरतं."

"मग बोलायचं की नाही!" नणंद म्हणाली.

"तुम्ही टाळ्या वाजवत होता की!"

"वहिनीनं दोनदा सुंदर म्हटलं, मी गप्प बसू?"

"म्हणजे माझंच चुकलं?" भावजय म्हणाली. "मला तर कुठंच जायचं नव्हतं. दुकान एकट्या हिच्या हाती द्यायचं नाही, म्हणून मी निघाले होते."

"मी पण येतेय ना बरोबर! दुकान माझ्या हाती कसं राहील?"

"तेच तर!"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पुटपुटल्या, "मला दमा आहे. पण तुम्ही सगळे इतके खूश दिसलात..."

काउंटरवरच्या माणसानं पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला नेमकं जायचंय कुठं?"

काकांनी खिशातून फोटो काढला आणि मागे वळवलेली घडी उलगडून काउंटरवर ठेवली. आवाज बिजागरीसारखा करकरला. "ही माझी लेक. ही नात. अजून मांडीवर घेतली नाही तिला."

आता 'अरेरे' येणार म्हणून काकांनी मान खाली घातली. पण बाई कडाडल्या. "काका! 'माझी नात इथे राहते' हे वाक्य तिसऱ्या धड्यात आहे. सगळे शब्द येत होते तुम्हाला!"

"शब्द येत होते हो," काका म्हणाले. "मला तर ते मराठीतही सांगता आलं नसतं."

"उरुग्वे," डॉक्टरीणबाई काउंटरवाल्याला म्हणाल्या. "पाच तिकिटं काढा. समुद्राच्या पातळीवर आहे ना?"

चार तिकिटं निघाली आणि पाचव्याच्या वेळी काकांचा फोन वाजला. लेक होती. "बाबा, बसलेले आहात ना? आम्ही येतोय! मी आणि पिल्लू. तुम्हाला विमानाची धास्ती, तर म्हटलं आपणच जावं. तिकिटं झाली. पंधरा तारखेला उतरतोय."

काकांनी फोन ठेवला आणि चार बहिणींकडे पाहिलं. पंधरा तारखेलाच त्यांचं विमान सुटत होतं. तिकिटं परत होणार नव्हती.

"म्हणजे आम्ही तुमच्या लेकीकडे, आणि लेक इकडे?" नणंद म्हणाली. "मग तिकडं आमचं कोण?"

"जावई आहेत की. येतील विमानतळावर न्यायला. फार गोड माणूस. पण मराठी एक अक्षर नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "मग तर उत्तमच झालं."

पंधरा तारखेला काकांनी विमानतळाच्या एका दारातून बहिणींना निरोप दिला. विटकरी स्वेटर अंगात होताच. उकाड्यानं जीव जात होता, पण काढायची छाती नव्हती. मग ते पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सहा महिने घोकलेलं वाक्य ओठांवर तयार होतं. दार उघडलं, लेक दिसली, आणि लेकीच्या बोटाला ती. वाक्य कुठल्या कुठे पळालं.

पोर धावत आली, स्वेटरला बिलगली आणि मान वर करून एका श्वासात केवढंतरी बोलली. काकांना 'अबुएलो' सोडून एकही शब्द लागला नाही. त्यांना फक्त दिसत होतं, तिच्या डोळ्यांत काहीतरी विचारणं होतं. अशा डोळ्यांना काय सांगायचं असतं, ते कुठल्या भाषेत शिकावं लागत नाही.

"हो," काका म्हणाले. "हो गं राणी. हो, हो."

पोरीनं आनंदानं टुणकन उडी मारली. लेक मात्र तोंडावर हात ठेवून हसत होती.

"बाबा, कशाला हो म्हणालात, कळलं का?"

"नाही. काय म्हणत होती?"

"परत जाताना अबुएलो आमच्याबरोबर विमानातून येणार का, असं विचारत होती. आणि खिडकीशी बसणार का, तेही."

काकांनी खाली पाहिलं. पोरीनं त्यांचं बोट मुठीत पकडलं होतं, आणि ती मूठ आता उघडण्यातली नव्हती.