मक्यासाठी शून्य पोती

पिकाला खत किती घालायचं हे शेतकऱ्याने स्वतः ठरवणं आमच्याकडे आगाऊपणाचं समजतात. आधी शेतातली माती तपासणी कार्यालयात द्यायची, कार्यालय अहवाल देणार, आणि अहवालात लिहिली असतील तेवढीच पोती दुकानदार देणार. पद्धत उत्तम आहे. तिच्यात गफलत एकच, माती आणून द्यायचं काम माणसांवर सोपवलंय.

माझ्या भावोजींनी मका पेरण्याआधी नमुना न्यायचं ठरवलं. त्या मक्यावर घर वर्षभर खाणार होतं आणि गोठ्यातली गायही. सूचना स्पष्ट होती : शेतात ठिकठिकाणी वीतभर खणा, सगळी माती एकत्र करा, त्यातली ओंजळभर आणा. भावोजींनी तशी ती घरी आणलीही. ताईने ती पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"ही नेणार साहेबांपुढे? नुसते खडे! अहो, पाहुणे आले तर आपण फाटका टॉवेल देतो का?"

"माती आहे ती. टॉवेल नाही."

"लाज तर आपलीच जाणार ना!"

ताईने अंगणातल्या गुलाबाच्या कुंडीतली माती काढली. वर्षानुवर्षं शेण, अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा खाऊन ती चांगलीच मस्तावली होती. तिने ती पिठाच्या चाळणीने चाळली, उन्हात वाळवली, इस्त्रीच्या रुमालात बांधली, आणि भावोजी ती पुरचुंडी घेऊन कार्यालयात गेले.

अहवाल आला. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर. खताची आवश्यकता नाही. मुलगा शाळेत पहिला यावा तसा भावोजींनी तो कागद शेजारीपाजारी दाखवला. दोन दिवसांत ती माती शेतातलीच होती, असं नवरा-बायकोला मनापासून वाटू लागलं.

मका गुडघ्याला लागला आणि पिवळा पडला. भावोजी मला घेऊन खताच्या दुकानात धावले. दुकानदाराने अहवाल नीट वाचला.

"शून्य पोती लिहिलीयत. घेऊन जा. इथे सही करा."

"शून्य पोत्यांसाठी सही?"

"मग? उद्या म्हणाल, माल दिलाच नाही."

भावोजींनी सही केली. तिथून आम्ही तडक कार्यालयात गेलो.

"साहेब, मका पिवळा पडलाय."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्या जमिनीत सगळं भरपूर आहे. ताट वाढलेलं असून पोर जेवत नसेल, तर त्याला काय म्हणतात?"

"आजारी?"

"लाडावलेलं! जरा दुर्लक्ष करा."

भावोजींनी इमानेइतबारे दुर्लक्ष केलं. मका आणखी पिवळा पडला. दरम्यान साहेबांनी आमचा अहवाल वर पाठवला, कारण वर पाठवायचं ते चांगलंच पाठवायचं असतं. वरून 'आदर्श जमीन' अशी पाटी आली आणि बांधावर रोवली गेली. लोक बघायला येऊ लागले. पिकाकडे पाठ करून पाटीशेजारी उभे राहायचे, फोटो काढायचे आणि जायचे.

शेवटी ताईला राहवेना. कार्यालयात जाऊन तिने सांगून टाकलं, "साहेब, चुकलं आमचं. ती माती कुंडीतली होती."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, अहवाल वर गेलाय. वर गेलेलं खाली येत नाही." मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. माणूस तसा वाईट नव्हता. "एक वाट आहे. नियमात पानांची तपासणीही बसते. पिकाची पानं आणा. पानांत उणीव दिसली, की त्याच दिवशी खत सोडतो. अजून वेळ गेलेली नाही, मका वाचेल."

ताईचे डोळे भरून आले. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं.

सकाळी मी शेतावर पोचलो, तर नवरा-बायको पार टोकाला, उकिरड्याला लागून असलेल्या कोपऱ्यात. अख्ख्या शेतात हिरवी राहिलेली मक्याची ताटं काय ती तिथेच होती. भावोजी नेमकी त्यांची पानं खुडत होते आणि ताई एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होती.

"अहो भावोजी, पिवळी न्यायचीत! पिवळी!"

"ती मरतुकडी?" ताई माझ्यावरच उखडली. "साहेबांनी एवढी मेहेरबानी केली, आणि त्यांच्या टेबलावर असलं काहीतरी ठेवायचं? माणसाला काही रीतभात असते की नाही?"

मी पुष्कळ डोकं फोडलं. भावोजी म्हणाले, "तू गप रे, तुला ऑफिसातलं काय कळतं?" आणि हिरवीगार पानं साहेबांच्या टेबलावर गेली. अहवाल आला : पीक सुदृढ. खत शून्य पोती.

मक्याला कणसं धरली ती म्हाताऱ्याच्या तोंडासारखी, इथे एक दात, तिथे एक दात. घरात दाणा नाही आणि गोठ्यात वैरण नाही. गाय ताईच्या नणंदेकडे धाडावी लागली. जाताना ती सारखी मागे वळून बघत होती आणि ताई दारात उभी राहून ढसाढसा रडली. बांधावरची पाटी अजून आहे. गुलाबही यंदा छान फुललेत.

हसलात ना? हसा, हसा. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली, तेव्हा आधीचे चार दिवस गोड कोणी बंद केलं होतं? आणि रिपोर्ट चांगला आला, म्हणून संध्याकाळी मिठाई कोणी आणली?