हायड्रोप्रमुख शुभ्रकांत आणि धुरपा रानडुकरीण

एका जंगलात, मुलांनो, नदी आटली. पार तळ उघडा पडला.

तिथं धुरपा नावाची रानडुकरीण राहायची. तिला पाच पिल्लं. वाळू हुंगून खाली पाणी कुठं आहे, ते तिला बरोबर कळायचं. ही विद्या तिला आईनं दिली होती. प्रमाणपत्र मात्र दिलं नव्हतं.

धुरपा सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, जांभळीच्या वळणाला पाणी आहे. चार जण द्या, दुपारपर्यंत खणून काढते."

महाराजांशेजारी शुभ्रकांत बगळा उभा होता. तो नुकताच शहरातून शिकून आला होता. काय शिकला, हे कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, पाणी हा शब्द जुना झाला," तो म्हणाला. "आता हायड्रो म्हणतात."

"म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं.

"ज्याला जे हवं ते! दिवे हवेत? हायड्रो वीज. मातीशिवाय चारा हवा? हायड्रो शेती. आपली कंबर धरलीय? हायड्रो उपचार."

महाराजांची कंबर खरंच धरली होती. शुभ्रकांत जागच्या जागी हायड्रोप्रमुख झाला.

"आणि प्यायला?" धुरपानं विचारलं.

"हायड्रो हा मोठ्या शब्दाचा तुकडा आहे, बाई. पुढं काय जोडायचं, ते समिती ठरवेल."

समिती बसली. हरणांना चारा हवा होता. माकडांना वीज हवी होती. विजेचं काय करणार, ते माकडांनाही ठाऊक नव्हतं. पण हायड्रो म्हणताना त्यांना फार भारी वाटायचं. तिसऱ्या दिवशी एक सांबर चक्कर येऊन पडलं. "पाणी... पाणी..." म्हणू लागलं.

"हायड्रो म्हण, गावंढळ!" सगळे ओरडले.

चौथ्या सकाळी धुरपाचं धाकटं पिल्लू उठेना. ती कुणाला विचारायला गेली नाही. वळणावर गेली आणि एकटीच खणू लागली. नाकाड सोलून निघालं, रक्त आलं, तरी थांबली नाही. दुपार कलली तेव्हा वाळू ओली लागली, मग पाणी पाझरलं. पिल्लू प्यायलं. डोळे उघडले. धडपडत उभं राहिलं.

धुरपानं हाका मारून सगळ्यांना बोलावलं. वेडी कुठली!

सगळे पोटभर प्यायले. शुभ्रकांत पहिला. चोच पुसून म्हणाला, "पाहिलंत? यालाच म्हणतात हायड्रो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज कंबरेपर्यंत खड्ड्यात उतरले आणि तिथंच बसले.

दुसऱ्या दिवशी धुरपा पिल्लांना घेऊन आली, तर खड्ड्यावर लांडगा पहाऱ्याला.

"काय हवंय?"

"पाणी."

"इथं पाणी मिळत नाही. इथं हायड्रो आहे. पुढं व्हा."

धुरपा पिल्लांना घेऊन पुढच्या वळणाकडे निघाली, वाळू हुंगत.

तिच्या मागोमाग, जरा अंतर राखून, शुभ्रकांत उडत होता. त्याला दुसरी शाखा उघडायची होती.

तात्पर्य: मुलांनो, खणायला चुकूनही शिकू नका. शिकायचंच असेल तर एखादा अर्धा शब्द शिका आणि खणणाऱ्याच्या मागं शांतपणे उभे राहा.